घोडा चंदी टाकतो तेव्हा



उसाची लागण, पाण्याची पाळी आणि खताचा हप्ता सोडून या अंकात घोडा कोठून आला, असे काहींना वाटेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात घोडी कमी नाहीत. कोणी वरातीसाठी बाळगतो, कोणाला शर्यतीचा नाद आहे, कोणी अकलूजच्या बाजारातून नुसत्या हौसेने आणलेले असते. मेंढपाळ बांधवांची तट्टे तर दरसाल आपल्याच रानात उतरतात. आणि घोडेवाला भेटला की त्याची एक तक्रार ठरलेली : "खातच नाही हो नीट. निम्मं खातंय, निम्मं उधळतंय."

तक्रार वरवर बारीक वाटते, पण हिशेब केला की बारीक राहत नाही. दिवसाला तीन किलो चंदी खाणाऱ्या घोड्याने चौथा हिस्सा मातीत घातला, तर रोजचे पाऊण किलो गेले. वर्षाचे पावणेतीन क्विंटल झाले. हरभऱ्याचा भाव ज्याने त्याने आपल्या बाजारचा लावून बघावा. बरे, प्रश्न नुसता पैशाचा नाही. घोड्याची जठराची पिशवी त्याच्या अंगाच्या मानाने फार लहान, आणि त्याला उलटी करता येत नाही. एकदा आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. खाण्यात बिघाड झाला म्हणजे बैल दोन दिवस रवंथ सोडून बसतो, मग सावरतो. घोडा मात्र एका रात्रीत हातचा जाऊ शकतो. म्हणून घोड्याने तोंड फिरवले तर "नखरे करतंय" म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

या विषयातली जाणती माणसे मला पनवेल तालुक्यात भेटली. घाटावरच्या शेतकऱ्याची पनवेलशी ओळख जुनीच आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा माणूस बोटीने पनवेलला उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी गाडीत टाकून नेई, इतकी तेथली चाके नावाजलेली होती. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली आणि त्या रस्त्याची ती रया गेली. आज पनवेलला महानगरपालिका आहे, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा आहेत. पण तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला डोंगराला टेकून धोदाणी गाव आहे. एस.टी. तेथपर्यंत जाते. तेथून पायवाटेने डोंगर चढला की माणूस निघतो तो माथेरानच्या सनसेट पॉइंटला.

माथेरानात मोटारीला बंदी. २०२२ च्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, तरी चारशेहून अधिक घोड्यांवर तेथल्या आणि पायथ्याच्या कुटुंबांची चूल पेटते. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत येते, पुढे चंदीचे पोते वर न्यायचे ते घोड्याच्या पाठीवर नाही तर हातगाडीवर. म्हणजे घोड्याने स्वतः वाहून आणलेलेच घोडा उधळणार! २०२० साली टाळेबंदीत पर्यटक बंद झाले, तेव्हा तर या घोड्यांच्या पोटासाठी बाहेरून खाद्य पोहोचवावे लागले. अशा दिवसांतून गेलेला माणूस मूठभर कोंडाही वाया जाऊ देत नाही. त्याच्याकडून शिकावे ते यासाठी.

पायथ्याच्या वाडीत एक वयस्कर घोडेवाला भेटला. त्याला विचारले, "काका, घोडं चंदी टाकायला लागलं तर तुम्ही काय करता? गूळ घालता का?" तो हसला. म्हणाला, "गूळ शेवटी. आधी तोंडात बघतो, मग बादलीत बघतो, मग पोत्यात बघतो. तिथंच नव्वद टक्के निकाल लागतो." हा क्रम मला इतका पटला की पुढे पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोललो तेव्हा तोच धरून बोललो, आणि त्यांनीही तो खोडला नाही.

तोंडात बघायचे म्हणजे दाढा बघायच्या. घोड्याच्या दाढा झिजतात आणि झिजतील तशा जन्मभर थोड्या थोड्या वर येत राहतात, वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. रानात दिवसभर गवत चरणाऱ्या घोड्याच्या दाढा सारख्या झिजतात. दावणीला बांधून कोंडा-भरडा खाणाऱ्याचे चावणे कमी होते आणि दाढांना कडा फुटतात. वरच्या दाढेची धार गालाकडे, खालच्या दाढेची जिभेकडे. विळ्याच्या पात्यासारख्या या कडा प्रत्येक घासाला तोंडात लागतात. घोडा मग डोके वाकडे करून चावतो, तोंडातली चंदी सांडतो, आणि गवताचे ओलसर, अर्धे चावलेले बोळे दावणीत टाकतो. दावणीत असा बोळा सापडला तर समजावे की घोडा चोखंदळ नाही, त्याचे तोंड दुखते आहे. दुसरी खूण शेणात मिळते. लिदीत अख्खे हरभरे आणि बोटाएवढ्या लांब गवताच्या काड्या दिसल्या तर चावणे होत नाही हे नक्की. असे दाणे पोटात जाऊनही वायाच गेले की! जमिनीवर सांडलेले निदान दिसतात तरी.

त्या घोडेवाल्याची एक घोडी दोन महिने कोंडा नाकाने ढकलून देत होती. त्याच्या मुलाने तिला दोन वेळा उपाशी ठेवून बघितले, "भूक लागली की खाईल" म्हणून. डॉक्टरांनी तोंडाला फाळका लावून आत हात घातला तर गालात आतून जखम. कानशीने दाढांच्या कडा घासल्या, आठ-दहा दिवस ओला मऊ चारा दिला आणि घोडी दावण चाटून पुसून खाऊ लागली. दाढा वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात, म्हाताऱ्या घोड्याच्या दोनदा. हे काम डॉक्टरांचेच. गावातल्या कोणीतरी पकड घेऊन दाढेची कड तोडल्याचे प्रकार होतात. त्यात दाढ उभी चिरते, आणि मग घोडे कायमचे अधू होते.

मग बादली. तहानलेला घोडा कोरडी चंदी खात नाही, हे सांगायला डॉक्टर नको. तरी हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. आपल्या देशी घोड्याला दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी लागते, उन्हात काम असेल तर त्याहून अधिक. बादलीला शेवाळ असले, पाण्याला खताच्या गोणीचा किंवा औषधाच्या डब्याचा वास असला, तर घोडा ओठ लावून बाजूला होतो. बैल एवढा विचार करत नाही. फवारणीची बादली घोड्याच्या पाण्याला वापरणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांना काय म्हणावे! जुने मोतद्दार आधी पाणी, मग वैरण, मग चंदी असा क्रम पाळत. तो आजही बरोबर आहे. वैरणीने पोट धरले की घोडा चंदीवर हावरटासारखा तुटून पडत नाही, आणि म्हणून उधळतही नाही.

पाण्याच्या जोडीला मीठ. घोड्याच्या घामातून मीठ फार जाते. कोकणातल्या दमट हवेत तर घोडा उभ्या उभ्या भिजतो. मिठाचा खडा दावणीजवळ बांधून ठेवावा, लागेल तसे तो चाटतो. काम करणाऱ्या घोड्याच्या चंदीत दोन चमचे साधे मीठ घातले तरी चालते. मिठाला तोटलेला घोडा भिंती चाटतो, माती खातो आणि चंदी टाकतो.

आता पोते. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या बहुतेक चुका येथेच होतात.

घोड्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असते. पोत्यात हात घालून मूठभर खाद्य नाकाशी धरा. आंबूस, कोंदट वास आला तर घोड्याने ते का टाकले हे कळेल. पनवेलकडे पाऊस दांडगा, त्यामुळे भिंतीला टेकलेले पोते आठ दिवसांत खालून ओल धरते. तेथले लोक फळ्यांवर पोती ठेवतात आणि पावसाळ्यात एका वेळी थोडेच आणतात. आपल्याकडे कोरडे हवामान म्हणून आपण बिनधास्त असतो. पण बुरशी धरलेला मका घोड्याच्या मेंदूवर घाला घालतो. तोच मका गाईने खाल्ला तर एखादे वेळी निभावतेही, घोड्याचे निभावत नाही. कोंबड्यांना, डुकरांना घालायचा म्हणून वेगळा ठेवलेला काळपट मका चुकूनही घोड्याच्या पाटीत जाऊ नये. आणि तो घोड्याने टाकला, तर वर गूळ शिंपडून त्याला खायला लावणे म्हणजे त्याची अक्कल काढून घेऊन आपली त्याला देणे.

तसेच गोठ्यातले तयार पशुखाद्य. म्हशीसाठी आणलेल्या पोत्यातून दोन ओंजळी घोड्याला टाकायची पद्धत आहे. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाई-म्हशींना ते सोसते, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोडेसेही. पोत्यावरची चिठ्ठी वाचावी. कळत नसेल तर घालूच नये.

वैरणीचे बघा. कोकणातले डोंगरगवत पावसाळा सरल्यावर वेळेत कापले तर मऊ असते, बी झडून गेल्यावर कापले तर काडी राहते. घोडा पाला खातो आणि काड्या पायाखाली घालतो. दोष कापणाऱ्याचा आहे. भाताचा पेंढा पनवेलकडे मुबलक, पण त्यावर काम करणारा घोडा निभत नाही. आपल्याकडचा चांगला कडबा कुट्टी करून दिला तर घोडा आवडीने खातो. मात्र हिरव्या कोवळ्या ज्वारीपासून घोड्याला लांब ठेवावे. उसाचे ताजे वाढे बारीक तोडून इतर वैरणीत मिसळले तर चालतात. सुकलेले पाचट नको, आणि ढिगात तापलेले, आंबलेले वाढे तर मुळीच नकोत.

हत्ती गवत आपल्या बऱ्याच सभासदांनी पाटाच्या कडेला लावले आहे. दुभत्या जनावरांना उत्तम. पण घोड्याला महिनोन्‌महिने नुसते तेच घातले तर त्यातले ऑक्झॅलेट चुना अडवून धरते, आणि हाडे पोकळ होऊन जबडा सुजतो. गव्हाच्या कोंड्याचा अतिरेक केला तरी परिणाम तोच, कारण कोंड्यात स्फुरद फार, चुना थोडा. जबडा दुखायला लागला की घोडा खाणे सोडतो, आणि मालक म्हणतो याला कोंड्याचा कंटाळा आला! रोज दोन-तीन किलो हिरवा लसूणघास दिला तर चुन्याची बाजू सावरते, आणि घास न खाणारा घोडा मी तरी अजून पाहिलेला नाही.

तोंड, बादली आणि पोते तिन्ही ठीक आहेत, तरी उधळतो, असे असेल तर मग देण्याची रीत बघावी. सर्वसाधारण देशी घोडा तीनशे ते साडेतीनशे किलोचा. त्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सहा-सात किलो कोरडे खाद्य पुरते. त्यातला मोठा वाटा वैरणीचाच हवा. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको. एकदाच भरलेली पाटी पुढे ठेवली की घोडा वरचे आवडीचे वेचतो, बाकीचे नाकाने ढकलतो, त्यावर श्वास सोडून ओले करतो, आणि स्वतःच ओले केलेले पुन्हा खात नाही. जास्त चंदी एकदम पोटात गेली तर धोका आणखी वेगळा. न पचलेले पिठूळ पुढे आतड्यात आंबते, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होतो. तेव्हा तेच खाद्य तीन वेळा विभागून द्यावे.

आणि माप डब्याने नको, काट्याने घ्या. एक डबा हरभरा आणि एक डबा कोंडा यांच्या वजनात तिपटीचा फरक पडतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण किलो-किलोसाठी डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, आणि घरी घोड्याला "दोन डबे" म्हणून मोकळे होतो!

पाटी हलकी असली की घोडा तीच खेळायला घेतो. रुंद, जड बुडाची, छातीच्या उंचीला पक्की बसवलेली गव्हाण हवी. घाईघाईने खाऊन सांडणाऱ्या घोड्याच्या गव्हाणीत नदीतले दोन-तीन मोठे गुळगुळीत गोटे टाकतात; गोट्यांभोवतीचे वेचताना त्याला घास लहान घ्यावा लागतो. गोटे तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे असावेत. पुढच्या पायाने जमीन उकरणाऱ्याला तोबरा बरा. तोबऱ्यात सांडायला जागाच नाही. पण तोबरा हवेशीर असावा, खाऊन झाला की लगेच काढावा. तोबरा बांधून मालक चहाला गेला आणि घोडा तोबऱ्यासकट हौदात तोंड घालून बसला, तर श्वास कोंडतो.

वैरण जमिनीवर टाकण्याची सवय आपली सर्वांचीच. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घोड्यांपुढे वाळल्या गवताचे मोठे गोल गठ्ठे मोकळे ठेवले, तेव्हा ५७ टक्के गवत वाया गेले. गव्हाणी वापरल्या, तेव्हा त्यांच्या बनावटीप्रमाणे ५ ते ३३ टक्के. मोठे काही बांधायला नको. सुतळीची जाळी विणून गवत त्यात भरून टांगले तरी पुष्कळ वाचते. जाळी रिकामी झाल्यावर खाली लोंबते. तिच्यात पुढचा पाय अडकणार नाही एवढ्या उंचीवर ती बांधावी.

आता गूळ. गुळाला माझा विरोध नाही; ऊस पिकवणाऱ्याने गुळाला विरोध करावा तरी कसा! पण त्याचा उपयोग औषधापुरता. घोड्याला जंताची पूड किंवा कडू औषध द्यायचे असते, आणि तो दाणे खाऊन पूड तळाला ठेवतो. अशा वेळी लिंबाएवढा गूळ कोमट पाण्यात विरघळवून त्यात पूड कालवावी आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर चोळावी. काकवी त्याहून बरी चिकटते. मळी पशुखाद्यात वापरतात हे खरे, पण मळीची ने-आण परवान्याची बाब आहे. आपल्या घोड्यापुरती घरची काकवी पुरे. रोज मुठीने गूळ घालू लागले तर घोडा बिनगुळाची चंदी खायचेच सोडतो. मग नखरा खरोखरीचा होतो, आणि तो आपण शिकवलेला असतो.

चवीसाठी गुळापेक्षा मेथी अधिक कामाची. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ घोड्यांपुढे निरनिराळ्या पंधरा चवींचे खाद्य ठेवले होते. पसंतीत पहिली आली मेथी, दुसरे केळे; पहिल्या पाचांत जिरेही होते. गाजर त्यांच्याही मागे. आपल्या मोतद्दारांच्या चंदीच्या मसाल्यात मेथीदाणे असत, तेव्हा साहेबाच्या घोड्याची आवड आपल्याला आधीच ठाऊक होती म्हणायची. चमचाभर मेथीपूड पुरते.

अर्ध्या तासात जे खाल्ले नाही ते उचलावे, वजन करावे, आणि पुढच्या वेळी तेवढे कमी द्यावे. उष्ट्यावर नवे टाकू नये. उन्हाळ्यात भिजवलेला हरभरा दुपारपर्यंत आंबतो. खाद्य बदलायचे असेल तर आठ-दहा दिवस घ्यावेत, रोज थोडे जुने काढून थोडे नवे मिसळावे. कामावरून घामेजून आलेल्या घोड्याला लगेच चंदी दाखवू नये. आधी फिरवून गार करावे, पाणी दाखवावे, खरारा करावा. तोवर तासभर जातो, आणि भूकही लागते.

एक फरक मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. गवत खातो पण चंदी टाकतो असा घोडा वरचेवर दिसला, तर त्याच्या जठरात व्रण असू शकतात. घोड्याच्या पोटात आम्ल रात्रंदिवस पाझरते, आणि लग्नसराईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उपाशी नाचवलेल्या घोडीचे पोट ते आतून पोळते. वरातीच्या मध्ये दोन पेंढ्या गवत तिच्यापुढे टाकायला कोणी वऱ्हाडी हरकत घेत नाही. आणि गवतही सोडले, घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पाय आपटतो, खाली बसतो, लोळतो, अशी लक्षणे असतील तर तो पोटशूळ. मग मेथीही नको आणि गूळही नको. सर्व खाद्य पुढून काढावे आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. नळीने किंवा बाटलीने तेल पाजायच्या फंदात पडू नये. ते फुप्फुसात उतरले तर डॉक्टर येऊनही उपयोग राहत नाही.

यंदा दिवाळीत कोणी अकलूजला किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाणार असतील, त्यांच्यासाठी एवढेच. व्यवहार ठरवताना दात, खूर, चाल बघताच. तसे विकणाऱ्याला त्याची चंदी काय, दिवसातून किती वेळा, कोरडी की भिजवून, हेही विचारा. ती खाताना दहा मिनिटे शेजारी उभे राहून बघा. आणि येताना त्याच चंदीचे अर्धे पोते त्याच्याकडूनच विकत घ्या, म्हणजे नव्या ठाणावरचे पहिले आठ दिवस निघतील. जुना तोबरा मिळाला तर तोही मागून आणा. घोड्याला त्याचा वास ओळखीचा असतो.